ट्रेडमध्ये जिंकलं कोण? हार्दिक, जडेजा आणि गड्ड्यावरचं भांडण

(जानेवारी 2026 मध्ये सोलापुरात रेकॉर्ड केलेल्या भागाचं हे लिखित रूप. बोलताना झालेली पुनरुक्ती थोडी कमी केली आहे, बाकी जसं बोललो तसंच ठेवलं आहे.)

आज आवाज थोडा बसलेला वाटेल. दोन कारणं आहेत. एक, संक्रांतीला सोलापुरात घरी आलोय आणि गड्ड्याच्या जत्रेतली धूळ घशात गेलीय. दुसरं, त्याच जत्रेत होम मैदानावर आम्ही चार मित्र तासभर भांडलो. पाळणे फिरतायत, भोंगे वाजतायत, आणि आम्ही भज्यांच्या गाडीसमोर उभं राहून एकमेकांवर ओरडतोय. विषय काय? रवींद्र जडेजा.

आमच्यातला एक जण चेन्नईचा कट्टर आहे. सोलापुरात राहून पिवळा शर्ट घालतो. तो म्हणाला, "जडेजाला देऊन संजूला घेतलं बे, हा काय ट्रेड आहे? लुटलं आपल्याला!" दुसरा म्हणाला, "अरे लुटलं राजस्थानला, संजू एकतीसचा आहे, जडेजा सदतीसचा." तिसरा फक्त भजी खात होता. तो शेवटी एकच वाक्य बोलला, "तुम्ही दोघं वेगवेगळं मोजताय."

ते वाक्य डोक्यात राहिलं. म्हणून आजचा भाग त्यावरच. एखादा ट्रेड चांगला की वाईट हे मोजायचं कसं?

आधी नवीन श्रोत्यांसाठी दोन मिनिटं. आयपीएलमध्ये खेळाडू संघात येतो तो मुख्यतः लिलावातून. पण दोन मोसमांच्या मध्ये एक खिडकी उघडते, तेव्हा संघ आपापसात खेळाडू देऊ-घेऊ शकतात. कधी खेळाडूच्या बदल्यात खेळाडू, कधी नुसते पैसे. प्रत्येक संघाला खर्चाची मर्यादा असते, तिला आपण पर्स म्हणतो. 2024 ला ती 100 कोटी होती, 2025 च्या मोठ्या लिलावात 120 कोटी झाली. खेळाडू नव्या संघात गेला की त्याचं मानधन नव्या संघाच्या पर्समधून वजा होतं. याशिवाय एक संघ दुसऱ्याला जी ट्रान्सफर फी देतो ती पर्सच्या बाहेर असते, आणि ती सहसा जाहीर होत नाही. हे लक्षात ठेवा, पुढे लागेल.

ट्रेड ही नवी भानगड नाही. आयपीएलचा पहिला मोसम झाला 2008 ला, आणि 2009 च्या आधीच मुंबई आणि बंगळुरूने अदलाबदल केली होती. आपल्या श्रीरामपूरचा झहीर खान मुंबईला आला, रॉबिन उथप्पा बंगळुरूला गेला. आता सांगा, यात जिंकलं कोण? 2009 ला बंगळुरू फायनलला पोचलं आणि मुंबई आठात सातवी आली. त्या वर्षी कोणीही म्हटलं असतं, मुंबई फसली. पुढच्या वर्षी, 2010 ला, मुंबई फायनलमध्ये! मग काय, आता बंगळुरू फसलं? आणि 2011 ला मोठा लिलाव झाला, तेव्हा झहीर परत बंगळुरूला आणि उथप्पा पुण्याला. म्हणजे दोन वर्षांत सगळा हिशोब पुसला गेला.

यातून पहिली गोष्ट कळते. संघाचा निकाल आणि ट्रेडचा निकाल या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. अकरा जण खेळतात, आणि आपण सगळं श्रेय नाहीतर सगळा दोष अदलाबदल झालेल्या दोघांच्या नावावर टाकतो.

दुसरं उदाहरण मला फार आवडतं. 2020 च्या मोसमाआधी दिल्लीने ट्रेंट बोल्ट मुंबईला दिला. त्या मोसमात बोल्टने 25 बळी घेतले. आणि 10 नोव्हेंबर 2020 ला दुबईत फायनल कोणाची? मुंबई आणि दिल्ली. पहिला चेंडू टाकला बोल्टने, आणि पहिल्याच चेंडूवर स्टॉयनिस बाद. सामनावीर कोण? बोल्ट. स्वतः दिलेल्या माणसाने स्वतःचंच घर लुटलं, असा प्रकार.

झालं, दिल्ली मूर्ख. असंच ना? थांबा. दिल्लीकडे रबाडा होता. त्या मोसमात त्याने 30 बळी घेतले, पर्पल कॅप त्याची. नॉर्टजे आला, त्याने 22 घेतले. अकरा जणांत परदेशी फक्त चार खेळवता येतात. दिल्लीकडे बोल्ट बाकावर बसला असता किंवा कोणाला तरी बसवून खेळला असता. म्हणजे दिल्लीने जे दिलं ते त्यांच्या घरात जास्तीचं होतं, आणि मुंबईला नेमकं तेच हवं होतं. दिल्ली त्याच मोसमात पहिल्यांदा फायनलला पोचली, हेही विसरू नका. चूक म्हणायचीच तर एवढीच म्हणता येईल, की दिलं ते सगळ्यात तगड्या स्पर्धकाला दिलं.

त्याच खिडकीत अजून एक ट्रेड झाला होता. आपला अजिंक्य रहाणे राजस्थानहून दिल्लीला गेला, आणि बदल्यात राजस्थानला मयंक मार्कंडे आणि राहुल तेवतिया मिळाले. रहाणेने 2020 ला 9 सामन्यांत 113 धावा केल्या. तेवतियाने 255 धावा केल्या आणि 10 बळी घेतले. शारजात कॉट्रेलच्या एका षटकात मारलेले ते पाच षटकार आठवतात ना? 224 चा पाठलाग होता. आकडे बघितले तर राजस्थान सरळ जिंकलं. पण साखळीतला शेवटचा सामना बघा. दिल्ली विरुद्ध बंगळुरू, जिंकेल तो टेबलात दुसरा. रहाणेने 46 चेंडूंत 60 केल्या आणि दिल्ली दुसऱ्या जागेवर गेली. म्हणजे फायनलला जायच्या दोन संधी. 113 मधल्या या 60 धावांची किंमत काय धरायची?

मी काही रहाणेची वकिली करत नाही. तेवतियाचं पारडं जडच होतं. एवढंच म्हणतोय की, मोसमाची बेरीज एक सांगते आणि सामन्याचं वजन दुसरं सांगतं.

आता मुख्य प्रकरणाकडे येतो. हार्दिक.

नोव्हेंबर 2023. गुजरातला पहिल्याच वर्षी, 2022 ला विजेतेपद आणि 2023 ला फायनल मिळवून देणारा कर्णधार मुंबईला परत आला. बदल्यात खेळाडू कोणीच दिला नाही, नुसता पैशांचा व्यवहार. मानधन 15 कोटी. त्याच वेळी मुंबईने कॅमेरून ग्रीनला बंगळुरूकडे दिलं, त्याचं मानधन 17.5 कोटी. तोही पैशांचाच व्यवहार.

कागद-पेन घ्या. कागदावर हे दोन वेगळे व्यवहार दिसतात, पण मुंबईच्या पर्सकडून बघितलं तर हा एकच आहे. ग्रीन गेला, हार्दिक आला, आणि वर अडीच कोटी मोकळे झाले. ग्रीनने 2023 ला 452 धावा केल्या होत्या, वानखेडेवर हैदराबादविरुद्ध 47 चेंडूंत शतक. हार्दिकच्या त्याच मोसमातल्या धावा 346. वय? ग्रीन चोविशीत, हार्दिक तिशीत. नुसत्या धावा आणि वय बघणारा म्हणेल, मुंबईला वेड लागलंय.

पण इथे जागेचा हिशोब येतो. ग्रीन परदेशी आहे. त्याला खेळवलं की चारपैकी एक जागा गेली. हार्दिक भारतीय आहे. वेगवान गोलंदाजी टाकतो आणि पाचव्या-सहाव्या नंबरवर येऊन मारतो, असे भारतीय किती आहेत? दुबे, नितीश रेड्डी... पुढे बोटं अडतात. म्हणजे हार्दिक घेतला तेव्हा मुंबईला एक खेळाडू मिळालाच, आणि परदेशी खेळाडूची एक जागाही मोकळी झाली.

आता तिसरा हिशोब, जो बहुतेक जण करतच नाहीत. वेळेचा. आयपीएलमध्ये काही वर्षांनी मोठा लिलाव होतो आणि बहुतेक संघ मोडून पुन्हा उभे राहतात. 2018, 2022, मग 2025 च्या मोसमासाठी. म्हणजे नोव्हेंबर 2023 ला घेतलेला कोणताही खेळाडू फक्त एका मोसमापुरता हातात होता. मग एवढा आटापिटा कशासाठी? कारण मोठ्या लिलावाआधी काही जणांना रिटेन करायचा हक्क असतो. तो हक्क खेळाडू ज्या संघात आहे त्या संघाकडे असतो. मुंबईने खरं तर तो हक्क विकत घेतला. 2024 च्या शेवटी मुंबईने बुमराह, सूर्या, हार्दिक, रोहित आणि तिलक असे पाच ठेवले, हार्दिकला 16.35 कोटींना. बंगळुरूने काय केलं? ग्रीन एक मोसम खेळला, 255 धावा आणि 10 बळी, आणि मग त्याला सोडून दिलं. म्हणजे बंगळुरूला एक मोसम मिळाला, मुंबईला पुढची तीन-चार वर्षं.

(इथे आमचा बंगळुरूवाला श्रोता मेसेज करेल की 2025 चा कप कोणी जिंकला? हो बाबा, तुम्ही जिंकलात. ग्रीनशिवाय जिंकलात.)

अमेरिकेत त्यांचा जो फुटबॉल आहे, हेल्मेट घालून खेळतात तो, तिथे ही वेळेची किंमत मोजायची पद्धत फार पुढे गेलीय. त्यांच्याकडे लिलाव नाही. दरवर्षी कॉलेजमधून येणारी नवी पोरं संघ आळीपाळीने निवडतात, आणि ज्याचा संघ सर्वात खाली आला त्याची पाळी पहिली. ही पाळीसुद्धा विकता येते. अगदी पुढच्या वर्षीची पाळीही. म्हणजे अजून न उगवलेलं पीक आधीच विकायचं, आपल्याकडे बाग फुलोऱ्यात असताना सौदा करतात तसं.

1989 च्या ऑक्टोबरमध्ये डॅलसने हर्शेल वॉकर नावाचा आपला एकमेव मोठा स्टार मिनेसोटाला दिला. मिनेसोटाला वाटलं, हा एक माणूस आला की आपण चॅम्पियन. बदल्यात डॅलसने खेळाडू आणि पुढच्या काही वर्षांच्या पाळ्यांचा ढीग घेतला. त्या वर्षी डॅलसची अवस्था काय झाली? सोळा सामने, एक विजय. लोकांनी काय म्हटलं असेल कल्पना करा. आणि पुढे? 1992, 1993 आणि 1995 या तीन मोसमांचं विजेतेपद डॅलसकडे. मिनेसोटाने आजपर्यंत एकदाही सुपर बोल जिंकलेला नाही. या ट्रेडचा निकाल पहिल्या वर्षी लावला असता तर बरोब्बर उलटा लागला असता.

नंतर डॅलसच्याच लोकांनी एक तक्ता केला. कितव्या नंबरच्या पाळीला किती गुण. पहिल्या पाळीला 3000, दुसरीला 2600, असं खाली. फोनवर सौदा करताना दोन्हीकडे तोच तक्ता पुढे ठेवून बोलणी व्हायला लागली. मग दोन अभ्यासक आले, केड मॅसी आणि रिचर्ड थेलर. थेलर म्हणजे ज्यांना 2017 ला अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं ते. त्यांनी तपासून दाखवलं की संघ पहिल्या काही पाळ्यांना वाजवीपेक्षा खूप जास्त किंमत देतात. पहिला निवडलेला खेळाडू चांगला निघतो, नाही असं नाही, पण त्याच्यावर जेवढा पैसा जातो तेवढा तो परत देत नाही. खरा फायदा थोडा खाली निवडलेल्या स्वस्त पोरांमध्ये असतो. दुसरी गोष्ट त्यांना दिसली ती म्हणजे उतावीळपणा. यंदा दुसऱ्या फेरीतला एक खेळाडू मिळावा म्हणून संघ पुढच्या वर्षीची पहिल्या फेरीतली पाळी देऊन टाकतात. आज पाहिजे म्हणजे आजच पाहिजे.

आपल्या ओळखीचं वाटतंय ना? नवीन फोन हप्त्यावर घेतो तेव्हा आपण हेच करतो.

बरं, आता हे तीन हिशोब घेऊन जडेजाकडे जाऊ. पैसा, जागा, वेळ.

पैसा: संजू सॅमसनचं मानधन 18 कोटी. जडेजाचं 18 होतं, ते ट्रेडमध्ये 14 झालं. त्याच्यासोबत सॅम करन गेला, 2.4 कोटी. म्हणजे चेन्नईने 20.4 चं ओझं उतरवलं आणि 18 चं उचललं. राजस्थानने 18 चं उतरवलं आणि 16.4 चं उचललं. गंमत बघा, दोघांच्याही पर्समध्ये पैसे वाचले! ते आले कुठून? जडेजाच्या कमी झालेल्या चार कोटींतून. हे कोणी फारसं बोलत नाही. दोन संघांचा फायदा झाला, त्याची किंमत खेळाडूने मोजली.

जागा: धोनी चव्वेचाळीसचा. चेन्नईला यष्टिरक्षक हवाच होता. भारतीय, वर खेळणारा. संजू त्या जागेत चपखल बसतो. पण जडेजा गेल्यावर जी जागा रिकामी झाली ती भरायला काय लागलं? डिसेंबरच्या लिलावात चेन्नईने प्रशांत वीर नावाचा वीस वर्षांचा डावखुरा फिरकी अष्टपैलू घेतला, भारताकडून एकही सामना न खेळलेला. किती कोटींना? 14.20. म्हणजे जडेजाच्या नव्या मानधनापेक्षा वीस लाख जास्त! "आमचा जडेजा संपला होता" म्हणणाऱ्यांनी हा आकडा वहीत लिहून ठेवावा. खेळाडूची किंमत कळते ती त्याची जागा भरायला निघाल्यावर.

वेळ: मोठा लिलाव नुकताच होऊन गेलाय, म्हणजे पुढचा येईपर्यंत दोन्ही संघांच्या हातात थोडी वर्षं आहेत. एकतीसच्या संजूकडून त्यानंतरही अपेक्षा आहे. सदतीसच्या जडेजाकडून राजस्थानला आत्ता हवंय. 2025 ला राजस्थान नववं आलं आणि चेन्नई दहावं. दोघंही खड्ड्यात होते, फक्त बाहेर यायचे रस्ते वेगळे निवडले.

मग माझं मत काय? माझ्या मते चेन्नईचा निर्णय बरोबर आहे. संजूने यंदा शून्यावर शून्य काढले तरी मी हेच म्हणेन. का? कारण निर्णय ज्या दिवशी घेतला त्या दिवशी जे माहीत होतं त्यावरून तो तपासायचा. निकाल नंतर येतो, त्यात नशीब असतं, दुखापत असते, पाऊस असतो. हेल्मेट घालून गेलेल्या माणसाचा अपघात झाला म्हणून हेल्मेट घालणं चुकीचं ठरत नाही.

इथपर्यंत मी गड्ड्यावर बोललो. सगळं असंच, बोटं मोजून. आणि आमचा चेन्नईवाला काय म्हणाला माहितीये?

म्हणाला, "तुझं सगळं पटलं. पण 2023 च्या फायनलला शेवटच्या दोन चेंडूंवर दहा पाहिजे होते, तेव्हा मी आणि पप्पा टीव्हीसमोर हात धरून बसलो होतो. सिक्स आणि फोर. पप्पा रडले बे. ते कुठल्या कॉलममध्ये टाकू?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. खरंच नव्हतं. भजी थंड झाली.

आणि मग मला माझंच 2024 आठवलं. ते आज सांगायचं की नाही असा विचार करत होतो. सांगतो.

मी मुंबईवाला. रोहितवाला. 15 डिसेंबर 2023 ला जाहीर झालं की पाच विजेतेपदं मिळवून देणाऱ्या रोहितच्या जागी हार्दिक कर्णधार. त्या दिवसापासून माझं डोकं फिरलं. मार्चमध्ये अहमदाबादला पहिला सामना, तिथे गुजरातचे लोक हार्दिकला हिणवत होते. ते एक वेळ समजलं, त्यांना तो सोडून गेला होता. पण 1 एप्रिलला वानखेडेवर, घरच्या मैदानावर, टॉसच्या वेळी एवढा गोंधळ की संजय मांजरेकरांना माइकवरून लोकांना नीट वागा म्हणावं लागलं. मी मैदानात नव्हतो. मी पुण्यात रूमवर होतो आणि फोनवर होतो. मी त्याच्या फोटोखाली काय काय लिहिलं ते इथे वाचून दाखवणार नाही. 'गद्दार' हा त्यातला सगळ्यात सभ्य शब्द होता. मुंबई शेवटची आली, चौदात चार विजय. आणि मला, खरं सांगतो, बरं वाटलं. स्वतःचा संघ हरल्यावर बरं वाटलं!

त्याच एप्रिलमध्ये मी नोकरी बदलली. दुसरीकडे पगार चांगला मिळत होता, काम आवडीचं होतं. प्रोजेक्ट मध्यावर होता. शेवटच्या दिवशी केक कापताना टीममधल्या एकाने हसत हसत म्हटलं, "ये गद्दारा, फोटोत ये." सगळे हसले. मीही हसलो. पण शिवाजीनगरला बस पकडेपर्यंत तो शब्द कानात घुमत होता. मी कोणाला फसवलं होतं? नोटीस दिली होती, कामं समजावून दिली होती. फक्त गेलो होतो.

आपण सोलापूरची पोरं हो. आपल्यातली निम्मी वर्गातली पोरं आज पुण्यात आहेत. हुतात्मा एक्स्प्रेसमध्ये शुक्रवारी-रविवारी चढलं की आख्खी बॅच भेटते. आपण गेलो ते काय सोलापूर नकोसं झालं म्हणून? काम तिकडे होतं. पॉली उम्रीगर जन्मले सोलापुरात, खेळले मुंबईकडून. आपल्या सोलापूर जिल्ह्यातली किरण नवगिरे 2022 ला नागालँडकडून खेळत होती तेव्हा तिने 76 चेंडूंत 162 ठोकल्या. टी-ट्वेंटीत दीडशे पार करणारी पहिली भारतीय, बाई-पुरुष सगळ्यांत पहिली! आणि अर्शीन कुलकर्णी. महाराष्ट्र प्रीमियर लीगमध्ये सोलापूर रॉयल्स नावाचा आपला संघ असताना हा सोलापूरचा पोरगा 2023 ला नाशिककडून खेळला, एका सामन्यात 13 षटकार मारून शतक केलं आणि वर चार बळी घेतले. आपण त्याला गद्दार म्हटलं का? उलट व्हिडिओ फॉरवर्ड करून थकलो. "आपला पोरगा" म्हणून.

मग हार्दिकच्या वेळीच आपलं मोजमाप का बदललं?

मला वाटतं, त्याला एक कारण नियमातच आहे. अमेरिकेत बहुतेक खेळाडूंना विचारतच नाहीत. सकाळी फोन येतो, तुला अमुक शहरात पाठवलंय, सामान बांध. त्यामुळे तिथले लोक चिडले की मालकावर चिडतात. आयपीएलमध्ये खेळाडूची संमती लागते. हे चांगलंच आहे, माणूस म्हणून मान आहे. पण त्यामुळे आपल्याला वाटतं, तो 'हो' म्हणाला म्हणजे सगळं त्यानेच घडवलं. फी मालक ठरवतात, कर्णधार मालक ठरवतात, कोणाला कधी सांगायचं तेही तेच ठरवतात. खेळाडूने स्वतः बोलणी करायला जावं, तर 2010 ला जडेजाचं काय झालं ते आठवा. मुंबईशी परस्पर बोलणी केली म्हणून त्याला पूर्ण मोसम बाहेर बसवलं होतं. म्हणजे सौद्याच्या टेबलावर त्याला खुर्ची नाही, पण शिव्या खायला मैदानात एकटा तोच उभा असतो.

29 जून 2024. बार्बाडोस. वर्ल्ड कप फायनलचं शेवटचं षटक, 16 धावा हव्यात, चेंडू हार्दिकच्या हातात. पहिला चेंडू, मिलरचा फटका, सीमारेषेवर सूर्याचा तो झेल. पुढचं तुम्हाला माहीत आहे. पाच दिवसांनी, 4 जुलैला, त्याच वानखेडेवर, त्याच लोकांनी 'हार्दिक हार्दिक' म्हणून स्टेडियम डोक्यावर घेतलं. मीही फोनसमोर ओरडत होतो. ओरडून झाल्यावर एप्रिलमधल्या माझ्या कमेंट शोधल्या आणि एकेक पुसल्या. तीस-चाळीस होत्या. पुसताना लाज वाटली. आणि हेही कळलं, की त्याने ते षटक जिंकलं नसतं तर मी त्या पुसल्या नसत्या. म्हणजे माझी माफीसुद्धा निकालावर टांगलेली होती. थोड्या वेळापूर्वी काय मोठ्या तोंडाने सांगत होतो मी, निर्णय निकालावरून तपासू नका!

तर मित्राच्या प्रश्नाचं उत्तर मला दोन दिवसांनी सुचलं, ते आता देतो. तो ऐकतोय, मला माहितीये.

तुझ्या पप्पांचे अश्रू ट्रेडच्या कोणत्याच कॉलममध्ये बसत नाहीत. ते तुमच्याकडेच राहणार. सिक्स आणि फोर राजस्थानला गेले नाहीत, संजूच्या बदल्यात दिले नाहीत. संघाने दिली ती जडेजाची पुढची वर्षं, मागची नाहीत. मागची तुझी आहेत. दुःख कर, राग कर, मालकांना विचार की बारा वर्षं पिवळ्या शर्टात काढलेल्या माणसाचे चार कोटी का कमी झाले. तो प्रश्न रास्त आहे. फक्त तो गुलाबी शर्टात मैदानात उतरेल तेव्हा टाळ्या वाजव. आणि संजू पहिल्या सामन्यात शून्यावर गेला तर त्याच्या फोटोखाली काही लिहू नको. मी लिहून बघितलंय, पुसायला फार वेळ लागतो.

बाकीच्यांसाठी, यंदाचा मोसम सुरू होण्याआधी एक काम. तुमच्या ग्रुपवर आजच लिहून ठेवा, कोणता ट्रेड तुम्हाला बरोबर वाटतो आणि का. पर्समध्ये काय आलं-गेलं, कोणती जागा भरली, किती वर्षांसाठी. तारीख टाका. मोसम संपला की काढून वाचा. मी माझं वर सांगून टाकलंय, चुकलो तर पकडा.

चला, आई हाक मारतेय. कडक भाकरी आणि शेंगाचटणी बांधून ठेवलीय, उद्या सकाळची हुतात्मा पकडायचीय. पुढच्या भागात भेटू. तोपर्यंत तिळगूळ घ्या, गोड बोला. कमेंटमध्येसुद्धा.